कॅमेरा एकदाच, फिल्म पुन्हा पुन्हा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघणाऱ्या जाडजूड मासिकांत जाहिरातींना मजकुराच्या शेजारी जागा नसे. कथा, प्रवासवर्णने आणि चरित्रलेख संपले की मागच्या बाजूस, आणि काही वेळा पुढेही, वेगळी पाने जोडलेली असत व ती पूर्णतः जाहिरातींची असत. वर्षाचे अंक एकत्र बांधून ठेवणाऱ्या ग्रंथालयांना ही पाने भरताड वाटत, आणि बांधणीपूर्वी ती काढून टाकण्याची पद्धत इतकी रुळलेली होती की त्या काळातील कित्येक मासिकांचे बांधीव खंड आज जाहिरातींविना आढळतात. जी पाने वाचली, त्यांतील बरीच संग्राहकांच्या चिकाटीमुळे वाचली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात कोडॅकच्या जाहिरातींचा असाच एक संग्रह जपलेला असून त्यातील पाने आता संगणकाच्या पडद्यावर कोणालाही पाहता येतात. साबण, सायकली, घड्याळे, पियानो आणि टॉनिके यांच्या गर्दीत कॅमेऱ्याची जाहिरात त्या पानांवर कशी शिरली, तिने कोणाशी बोलायचे ठरवले आणि कोणाशी बोलणे सोडून दिले, हे त्यांत टप्प्याटप्प्याने दिसते.

या जाहिराती दोन प्रकारच्या नियतकालिकांत येत. एक होती खास छायाचित्रणाची साप्ताहिके व मासिके, ज्यांचा वाचक रसायनांची नावे तोंडपाठ असलेला असे. आणि दुसरी सर्वसाधारण कुटुंबांत वाचली जाणारी मासिके, ज्यांच्या वाचकाने कॅमेरा हातातही धरलेला नसे. एकाच वस्तूच्या या दोन जाहिराती शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या दोन वेगळ्या छंदांच्या वाटतात. आज ज्याला हौशी छायाचित्रण म्हणून ओळखले जाते, त्याची घडण कारखान्यात जितकी झाली तितकीच दुसऱ्या प्रकारच्या पानांवर झाली, आणि त्या पानांचा खरा माल कॅमेरा नव्हताच.

काचा, रसायने आणि रंगलेली बोटे

हौशी छायाचित्रकार कोडॅकच्या बराच आधीपासून होता. मुंबईतच १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली होती आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचाही समावेश होता. या काळातील हौशीपणा मात्र कष्टाचा होता. कलोडियन या चिकट द्रावाचा थर काचेवर पसरायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर सुकण्यापूर्वी धुऊन पक्के करायचे, असा हा क्रम असल्यामुळे घराबाहेर पडणाऱ्याला तंबूवजा अंधारखोली बरोबर न्यावी लागे. सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली बोटे ही या छंदाची ओळख होती. वेळ, पैसा आणि रसायनशास्त्राची आवड हे तिन्ही असणारी माणसेच त्यात टिकत, म्हणून डॉक्टर, अधिकारी आणि सधन व्यापारी यांचेच प्रमाण त्यात मोठे होते.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले आणि पुढील दशकभरात कारखान्यात तयार होणारी, महिनोन् महिने टिकणारी कोरडी काच बाजारात आली. ती येताच जाहिरातीचे निमित्तही आले, कारण जोवर प्रत्येक जण आपली काच स्वतः तयार करत होता तोवर विकण्यासारखे फारसे नव्हते. तयार काच आली आणि एका छापाची काच दुसऱ्या छापाहून वेगवान कशी, हे सांगण्याची चढाओढ सुरू झाली. १८८४ मध्ये लंडनमध्ये ‘अ‍ॅमॅच्युअर फोटोग्राफर’ हे साप्ताहिक निघाले, १८८९ मध्ये अमेरिकेत ‘अमेरिकन अ‍ॅमॅच्युअर फोटोग्राफर’ आले, आणि अशा नियतकालिकांची जाहिरातींची पाने लवकरच मजकुराइतकी वाचनीय झाली.

त्या पानांची भाषा जाणकाराची आहे. इलफर्डसारख्या कंपन्या आपल्या काचांचा वेग सांगतात. एखादा भिंगकार आपले भिंग ‘अ‍ॅनास्टिग्मॅट’ आहे असे सांगून थांबतो, कारण चित्राच्या कडेलाही आडव्या व उभ्या रेषा सारख्याच नेमक्या उमटवणारे भिंग म्हणजे अ‍ॅनास्टिग्मॅट, हे वाचकाला ठाऊक असल्याचे त्याने गृहीत धरलेले असते. १८९०च्या दशकारंभी त्साइसची आणि बर्लिनच्या गोएर्झ कंपनीची अशी भिंगे आली, तेव्हा त्यांच्या जाहिरातींत चित्राची सुंदरता क्वचित आणि छिद्राचे आकडे हमखास असत. आल्ट्रिंचमच्या थॉर्नटन-पिकार्डची रोलर-ब्लाइंड शटरे, म्हणजे रुळावर गुंडाळलेल्या कापडी पडद्याने प्रकाशाची वेळ मोजणारी उपकरणे, याच पानांतून घराघरांत पोहोचली. डेव्हलपर म्हणजे अदृश्य चित्र दृश्य करणारे द्रावण; त्याच्या जाहिराती तर पाककृतीच्या पुस्तकासारख्या वाचल्या जात असाव्यात, कारण एकाच वर्षात पायरो, हायड्रोक्विनोन, मेटॉल आणि रॉडिनल असे पर्याय पुढे ठेवून प्रत्येक जण आपल्या द्रावणाने राखाडी छटा कशा खुलतात ते समजावत होता.

आणि या सर्वांच्या शेवटी, बारीक अक्षरांत, खरेदी-विक्री व अदलाबदलीचा स्तंभ असे. त्यात वाचकच जाहिरातदार होते. जुना कॅमेरा देऊन दुर्बीण घेणारे, भिंग विकून सायकल मागणारे, अर्धा प्लेट आकाराच्या कॅमेऱ्यावरून पाव प्लेटवर उतरू पाहणारे हे लोक पाहिले की या छंदात वस्तू हातोहात फिरत होत्या हे कळते. मोठ्या कंपन्यांच्या सजवलेल्या जाहिरातींपेक्षा या चार ओळींच्या मजकुरांतून त्या काळच्या हौशी माणसाचे चित्र अधिक खरे उमटते, असे म्हणावयास हरकत नाही. या पानांवरील ग्राहक एकदा आला की टिकत असे. अडचण एवढीच होती की असे ग्राहक थोडे होते.

पंचवीस डॉलरची पेटी

रॉचेस्टर येथील बँकेत कारकुनी करणारा जॉर्ज ईस्टमन याच जाणकार हौशींपैकी होता. त्याने कोरड्या काचांचा कारखाना काढला, १८८५ मध्ये विल्यम वॉकरबरोबर काचेऐवजी गुंडाळीचा कागद वापरता येईल असा रोल-होल्डर तयार केला, आणि तो जाणकारांनी फारसा उचलला नाही हे पाहून ज्यांनी कधी काच हाताळलेलीच नाही अशा लोकांकडे मोर्चा वळवला. १८८८ मध्ये आलेला पहिला कोडॅक म्हणजे साडेसहा इंच लांबीची चामड्याने मढवलेली पेटी होती. तिला चित्रचौकट पाहण्याची खिडकी नव्हती, वरच्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या दोन रेषा कोरलेल्या असत आणि त्यांच्या रोखाने नेम धरायचा असे. दोरी ओढून शटर ताणायचे, बटण दाबून ते सोडायचे आणि चावी फिरवून फिल्म पुढे न्यायची, एवढेच काम वापरणाऱ्याकडे होते. आत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेलीच येई, चित्रे अडीच इंच व्यासाची गोल असत, आणि शंभर चित्रे संपली की पेटी जशीच्या तशी रॉचेस्टरला पाठवायची असे. दहा डॉलर आकारून कंपनी रोल धुऊन, चित्रे छापून आणि नवी गुंडाळी भरून पेटी परत करी. पेटीची किंमत पंचवीस डॉलर होती, म्हणजे कारखान्यातील मजुराच्या आवाक्याबाहेरची, पण अंधारखोली उभारण्याच्या खटाटोपापेक्षा सोयीची.

‘यू प्रेस द बटन, वुई डू द रेस्ट’ हे ईस्टमनने स्वतः लिहिलेले घोषवाक्य याच व्यवस्थेचे वर्णन होते. बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही पाहतो, या अभिवचनाला उदार सेवेचा सूर आहे. त्यामागे मात्र एक तांत्रिक सक्ती होती आणि जाहिरातीच्या इतिहासात तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पहिल्या कोडॅकमधील फिल्म पारदर्शक नव्हती. कागदावर प्रकाशग्राही थर दिलेला असे आणि डेव्हलप झाल्यानंतर तो थर कागदावरून अलगद सोडवून पारदर्शक जिलेटिनवर चढवावा लागे, तेव्हा कुठे त्यापासून स्वच्छ छाप मिळत. हे काम इतके नाजूक होते की नवशिक्याच्या हाती दिले असते तर शंभरपैकी बरीच चित्रे वाया गेली असती आणि दोष पेटीला लागला असता. कंपनीने जे स्वतःकडे ठेवणे भागच होते, ते तिने ग्राहकाला दिलेली सवलत म्हणून मांडले.

१८८९ मध्ये पारदर्शक नायट्रोसेल्युलोजची फिल्म आली आणि सक्ती संपली. त्यानंतरच्या जाहिरातींत घोषवाक्याला एक शेपूट जोडलेले दिसते, ज्याचा आशय असा की बाकीचे आम्ही करू, अथवा हवे असल्यास तुम्हीही करू शकता. या शेपटामुळे जुन्या जाणकार हौशीलाही दार उघडे राहिले आणि कंपनीला डेव्हलपर, कागद, ताटल्या व मोजमापाची भांडी विकण्याची दुसरी बाजारपेठ मिळाली. पुढे १९०२ मध्ये दिवसाच्या उजेडात रोल धुण्याचे यंत्र आले, तेव्हा अंधारखोली हद्दपार झाल्याची घोषणा कंपनीने जाहिरातींतून केली. त्याआधी १८९९ मध्ये लिओ बेकलंड यांच्या कंपनीकडून ईस्टमनने व्हेलॉक्स हा कागद विकत घेतला होता. उन्हाऐवजी गॅसच्या दिव्यावर त्याचे छाप काढता येत असल्याने दिवसभर कचेरीत असणाऱ्याला रात्री जेवण उरकल्यावर घरी छपाई करता येऊ लागली, आणि जाहिरातींनी नेमकी हीच सोय उचलून धरली.

मासिक स्वस्त झाले तेव्हा

१८९३ च्या ऑक्टोबरात फ्रँक मन्सी यांनी आपल्या मासिकाची किंमत दहा सेंटांवर आणली. ‘मॅक्लुअर्स’ त्याच वर्षी पंधरा सेंटांना निघाले होते, ‘कॉस्मोपॉलिटन’नेही भाव उतरवला होता. पस्तीस सेंटांची ‘सेंच्युरी’ किंवा ‘हार्पर्स’ घेणारा वर्ग मर्यादित होता. दहा सेंटांचे मासिक कारकून, शिक्षिका आणि दुकानदारही घेऊ लागले. एवढ्या किमतीत कागदाचा आणि छपाईचाही खर्च निघत नसल्याने तोटा जाहिरातींनी भरून काढायचा, म्हणजे वाचकाला मासिक स्वस्तात विकून जाहिरातदाराला तो वाचक विकायचा, हा व्यवहार येथून पक्का झाला. ‘लेडीज होम जर्नल’ने पुढच्या दहा वर्षांत दहा लाखांचा खप गाठला. जाणकारांच्या साप्ताहिकांना असे आकडे स्वप्नातही शक्य नव्हते.

ईस्टमनने हे वेळेवर ओळखले. १८९२ मध्ये त्याने ल्युइस बनेल जोन्स या तरुणाकडे जाहिरात विभाग सोपवला आणि जोन्स पुढे अनेक दशके त्या जागी राहिले. त्यांच्या हाताखाली जाहिरातीतील मजकूर आटत गेला आणि कोरी जागा वाढली. १८८९ च्या सुमारास पेटीचे रेखाचित्र, किंमत आणि घड्याळाला चावी देता येणाऱ्या कोणालाही हा कॅमेरा वापरता येईल असे पटवणारा दाट मजकूर असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक मोठे चित्र, त्याखाली दोन-तीन वाक्ये आणि शेवटी कंपनीचे नाव व शहर एवढेच उरले. छिद्राचे आकडे, भिंगाची जात, शटरचा वेग यांपैकी काहीच त्यात नसे. तपशील हवा असल्यास सूचिपत्रक दुकानात किंवा टपालाने मोफत मिळेल, अशी एक ओळ तळाशी असे आणि जाणकाराची बोळवण त्या ओळीने होई.

या पानांत एक गंमत आहे. चित्रे काढणाऱ्या यंत्राच्या सुरुवातीच्या जाहिरातींत छायाचित्र नव्हते. लाकडावर किंवा धातूवर रेषा कोरून चित्र छापण्याचीच सोय असल्याने कॅमेरा आणि तो धरणारा माणूस, दोघेही चित्रकाराच्या हातचे असत. हाफटोन, म्हणजे बारीक जाळीतून छायाचित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करून ते मजकुराबरोबरच छापण्याची पद्धत, स्वस्त व भरवशाची झाली तेव्हा जोन्स यांनी हळूहळू छायाचित्रांकडे मोहरा वळवला. तरीही नाताळच्या वा सुटीच्या खास पानांसाठी चित्रकारांना बोलावणे चालूच राहिले. छायाचित्रांच्या स्पर्धा भरवून जाहिरातीसाठी चित्रे मिळवण्याची युक्तीही कंपनीने वापरली, ज्यामुळे ग्राहकच जाहिरातीचा कच्चा माल पुरवू लागला.

निमित्तांची विक्री

कॅमेरा घेणारा माणूस पुन्हा दहा वर्षे दुकानात आला नाही तरी बिघडत नाही, कारण तो फिल्म घ्यायला दर महिन्याला येईल, हे या धंद्याचे मर्म होते. येईल मात्र केव्हा, तर त्याला चित्र काढण्याचे कारण सुचले तर. कुटुंबात लग्न किंवा बारसे झाले की स्टुडिओत जाऊन चित्र काढण्याची रीत होती. परंतु एका घरात वर्षाला अशी निमित्ते किती येणार? जाहिरात विभागाचे खरे काम नवी निमित्ते निर्माण करणे हे होते आणि जोन्स यांच्या काळातील पाने या नजरेने वाचली की त्यांच्यातील सातत्य कळते.

पहिले निमित्त प्रवासाचे. सुटी आणि कोडॅक यांची जोडी इतकी घट्ट बांधली गेली की कोडॅकवाचूनची सुटी म्हणजे वाया गेलेली सुटी, असे एका जाहिरातीने सरळ सांगितले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हातातल्या कॅमेऱ्यासाठी दिवसाला दोन डॉलर फी होती आणि तिवई आत नेण्यास मनाई होती. ही बंदी हलक्या कॅमेऱ्याच्या पथ्यावर पडली, आणि कंपनीने प्रदर्शनाला जाणाऱ्यांवर जाहिरातींचा मारा केला. मधल्या काळात सायकलींची लाट आली, तेव्हा सायकलीला अडकवता येणारी कॅमेऱ्याची चामडी पेटी निघाली आणि सायकलस्वार जाहिरातींत झळकले. शिकाऱ्यांसाठीही एक युक्तिवाद होता: कोडॅकने शिकार करणाऱ्याला हंगामाचे व परवान्याचे कायदे आडवे येत नाहीत.

उन्हाळा संपला की विक्री मंदावत असे. या अडचणीवर नाताळ हा एक उपाय होता, कारण कॅमेरा भेटवस्तू म्हणून खपवता येई. पण नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून बर्फाने वेढलेल्या घरात फिल्म कोण वापरणार? म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस कंपनीने घरातील चित्रांवर भर दिला. खिडकीशी बसलेली आजी, झोपेतून उठलेले बाळ, चुलीशेजारची मांजर अशी दृश्ये दाखवून उजेड कमी असतानाही चित्रे निघतात हे ती समजावू लागली व त्यासाठी पुस्तिका छापून वाटू लागली. पुढे तर मुले मोठी होत जातात, म्हणजे आज न काढलेले चित्र पुन्हा काढता येणार नाही, हा मुद्दा जाहिरातींच्या केंद्रस्थानी आला. प्रवासाची गंमत विकण्यापासून काळाची भीती विकण्यापर्यंतचा हा प्रवास वीसेक वर्षांत झाला आणि सर्व निमित्तांत हेच सर्वांत टिकाऊ ठरले, कारण ते घराघरांत होते आणि बारा महिने होते. आजही भारतीय घरांतील अल्बमांत स्मशानयात्रा नसते, भांडण नसते, आजारपण क्वचितच असते. हसरे वाढदिवस, सहली आणि सणवार असतात. चित्र कशाचे काढायचे व कशाचे नाही, याचे धडे या जाहिरातींनी शब्दांत न सांगता दिले.

मुलगी, मूल आणि एक डॉलर

जाणकार साप्ताहिकांतील वाचक गृहीतच पुरुष होता. कोडॅकच्या जाहिरातींत १८९३ च्या सुमारास कॅमेरा घेतलेली तरुणी दिसू लागली आणि ती पुढे ‘कोडॅक गर्ल’ म्हणून ओळखली गेली. ती एकटी डोंगरावर जाते, आगगाडीत बसते, समुद्राकडे पाहते; तिच्याबरोबर पालक किंवा पती असलाच पाहिजे असे नाही. १९१० मध्ये ब्रिटनमध्ये जॉन हॅसल या भित्तिचित्रकाराने तिला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा दिला, जो काळ्या-पांढऱ्या छपाईतही दुरून ओळखू येई. ती स्वतंत्र स्त्रीचे चित्र होती असे म्हटले जाते व त्यात तथ्यही आहे. तथापि एखादे यंत्र स्त्रीच्या हाती दाखवले की ते कोणालाही जमेल असा अर्थ त्या काळचा वाचक काढत असे, याचाही फायदा कंपनीने घेतला, हे नजरेआड करता येत नाही.

या तरुणीच्या उलट बाजूला एक खराखुरा खटला उभा आहे. याच रॉचेस्टरमधील एका तरुणीचे छायाचित्र तिच्या संमतीविना पिठाच्या एका कंपनीच्या जाहिरातीवर छापले गेले, तेव्हा तिने दावा लावला आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी कोणाचेही चित्र परवानगीविना व्यापारासाठी वापरण्यास मनाई करणारा कायदा त्या राज्यात झाला. वॉरन व ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तेव्हाही क्षणात चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा धोका त्यांनी सांगितलाच होता. कोडॅकच्या जाहिरातींत मात्र ज्याचे चित्र काढायचे तो माणूस नेहमी हसतमुख आणि राजी असे.

१९०० च्या फेब्रुवारीत आलेली ब्राऊनी ही मुलांसाठी होती. फ्रँक ब्राऊनेल याने बनवलेली पुठ्ठ्याची ही पेटी एका डॉलरला मिळे, सहा चित्रांची फिल्म पंधरा सेंटांना मिळे, आणि घरी रोल धुण्याचा व छाप काढण्याचा संच पाऊण डॉलरला. पाल्मर कॉक्स यांची ब्राऊनी ही बुटकी भुते ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकातून आधीच लोकप्रिय झालेली होती. तीच भुते पेटीवर आणि जाहिरातींत नाचू लागली. शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला हा कॅमेरा चालवता येईल असे जाहिरात सांगे, सोळा वर्षांखालील मुलांसाठी ब्राऊनी कॅमेरा क्लब होता आणि स्पर्धांत बक्षिसे म्हणून कोडॅक कॅमेरेच दिले जात. पहिल्याच वर्षी दीड लाखांहून अधिक ब्राऊनी खपल्या. डॉलरच्या पेटीवर कंपनीला मिळणारा नफा नगण्य असला तरी बारा वर्षांचा ग्राहक पुढची पन्नास वर्षे फिल्म घेणार होता, आणि तोपर्यंत पंधरा सेंट बापाच्या खिशातून येणार होते.

दुसरा हौशी गप्प बसला नाही

बटण दाबणाऱ्यांची संख्या वाढली तसे जुने हौशी अस्वस्थ झाले. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ १८९३ ते १८९६ या काळात ‘अमेरिकन अ‍ॅमॅच्युअर फोटोग्राफर’चे संपादक होते आणि आयता कॅमेरा घेऊन दिसेल ते टिपणाऱ्यांबद्दल त्यांना तिरस्कार होता. गंमत अशी की १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या हिमवादळात फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तासन् तास उभे राहून त्यांनी घेतलेले प्रसिद्ध चित्र हातातल्या कॅमेऱ्यानेच घेतलेले होते. म्हणजे वाद हातातल्या कॅमेऱ्याशी नव्हता, तो न थांबण्याशी होता.

कंपनीने या मंडळींना झिडकारले नाही, उलट त्यांची प्रतिष्ठा कामी लावली. लंडनमधील कोडॅकच्या संचालकांत जॉर्ज डेव्हिसन होते, जे स्वतः कलात्मक छायाचित्रणाच्या आघाडीवर होते आणि राजकीय विचारांनी अराजकतावादाकडे झुकलेले होते. कोडॅकच्या समभागांवर श्रीमंत झालेला अराजकतावादी हा प्रकार त्या धंद्यातही विरळाच म्हणायचा. १८९७ मध्ये लंडनच्या न्यू गॅलरीत हौशींच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन कंपनीने भरवले आणि त्याची सजावट जॉर्ज वॉल्टन या ग्लासगोच्या वास्तुकाराने केली. पुढे कोडॅकची युरोपातील दुकानेही त्यांनीच सजवली. नामवंतांनी कोडॅकच्या फिल्मवर काढलेली चित्रे भिंतीवर लागली की बटण दाबणाऱ्यालाही आपण त्याच घराण्यातले आहोत असे वाटावे, हा त्यामागचा हेतू होता.

स्टिग्लिट्झ यांनी १९०३ मध्ये ‘कॅमेरा वर्क’ हे त्रैमासिक काढले. त्यातील चित्रे छापण्याची निगा आजही आदर्श मानली जाते, मुखपृष्ठाची अक्षररचना एडवर्ड स्टायकेन यांची होती, आणि शेवटच्या पानांवर ईस्टमन कोडॅक, गोएर्झ व बॉश अँड लॉम्ब यांच्या जाहिराती होत्या. ज्या कंपनीच्या घोषवाक्याने या मंडळींचा अपमान केला असे त्यांना वाटत होते, तिचाच पैसा त्यांच्या मासिकाच्या खर्चाला हातभार लावत होता. बटणाचा गोंगाट त्या पानांवर ऐकू येत नाही. १९१७ मध्ये ते बंद पडले तेव्हा त्याचे वर्गणीदार चाळीसही उरले नव्हते.

दुकानदाराची काच

मासिकातली जाहिरात दुकानात पोहोचल्याशिवाय तिचे काम पूर्ण होत नसे. कंपनी दुकानदारांसाठी ‘कोडॅक ट्रेड सर्क्युलर’ हे मासिक काढी. कोणत्या महिन्यात जाहिरातींचा रोख कशावर असेल आणि काचेच्या खिडकीत काय मांडावे, याच्या सूचना त्यात मिळत. किमती जाहिरातीतच छापलेल्या असल्याने घासाघीस करण्यास वाव नव्हता, आणि ठरलेल्या किमतीखाली माल विकणाऱ्या किंवा प्रतिस्पर्ध्यांचा कागद ठेवणाऱ्या दुकानदाराला कंपनीच्या अटी आडव्या येत. कोडॅक हे नाव कोणत्याही छोट्या कॅमेऱ्यासाठी वापरले जाऊ लागले, तेव्हा ईस्टमनचा नसेल तर तो कोडॅकच नव्हे, अशी ताकीद जाहिरातींच्या तळाशी येऊ लागली; स्वतःच रूढ केलेला शब्द हातचा जाण्याची ती धास्ती होती. १९१५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने कंपनीला मक्तेदार ठरवले. त्याआधीच्या वर्षी हॅनिबल गुडविन या पाद्र्याच्या पारदर्शक फिल्मच्या पेटंटपायी तिला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले होते. मासिकांतील प्रसन्न पानांवर यांपैकी कशाचीही सावली दिसत नाही.

तारीख लिहा

१९१२ मध्ये कोटाच्या खिशात मावणारा व्हेस्ट पॉकेट कोडॅक आला आणि दोन वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. सैनिकाचा कॅमेरा म्हणून त्याच्या जाहिराती जोरात चालू असताना ब्रिटिश लष्कराने आघाडीवर खासगी कॅमेरे बाळगण्यास बंदी घातली. सैनिकाला निरोप देताना द्यायची भेट म्हणून कॅमेरा सुचवणाऱ्या जाहिराती आणि तो जवळ सापडला तर शिक्षेची तरतूद, हे दोन्ही एकाच वेळी चालू होते. विक्री मात्र थांबली नाही आणि चोरून काढलेली पुष्कळ चित्रे घरी पोहोचली.

१९१४ मध्येच कंपनीने हेन्री गाइसमन या संशोधकाला तीन लाख डॉलर देऊन एक छोटीशी सोय विकत घेतली. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक झडप असे, ती उघडून धातूच्या लेखणीने फिल्मच्या पाठकागदावर दाब देऊन लिहायचे, क्षणभर उजेड लागू द्यायचा, आणि रोल धुतल्यावर दोन चित्रांमधल्या पट्टीत ती अक्षरे उमटत. ‘ऑटोग्राफिक’ या नावाने विकल्या गेलेल्या या कॅमेऱ्यांच्या जाहिराती वाचकाला बजावतात की चित्र कोणाचे, कोठले आणि केव्हाचे हे त्याच क्षणी लिहून ठेवा, नाहीतर पुढे आठवणार नाही. १९१३ पासून ग्राहकांना पाठवल्या जाणाऱ्या ‘कोडॅकरी’ या मासिकातून चित्र चांगले कसे येईल याचे सल्ले दिले जात आणि हे मासिक १९३२ पर्यंत चालले. ऑटोग्राफिकची झडप असलेले कॅमेरेही त्याच सुमारास बाजारातून गेले. मुलाने पहिले पाऊल टाकताना चित्र काढायला लोक तयार झाले होते. त्याच घाईत लेखणी काढून तारीख लिहिणे मात्र जाहिरातीच्याही आवाक्याबाहेर राहिले असावे.